टर्बो कशाने गेला?

गेल्या जानेवारीतला तिसरा शुक्रवार, सकाळचे अकरा. रक्कम तीन लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये. हजर सहाजण: गाडीचे मालक संपतराव, राहणार पुनावळे, डीलरचे सर्व्हिस मॅनेजर माने, त्यांचे हेड मेकॅनिक सलीमभाई, काळेवाडीचे गॅरेजवाले बालाजी, आमच्या विभागाचे तावडे, आणि मी. जागा महामार्गालगतच्या डीलरची कार्यशाळा. समोर बॉनेट उघडलेली निळी सेदान उभी होती. पाच सेकंदांच्या आसपास शंभरचा वेग गाठणारी ही गाडी चार आठवड्यांत एक इंचही हललेली नव्हती, कारण तिचा टर्बो माझ्या चाकणच्या टेबलावर सुटा पडला होता.

प्रश्न एवढाच होता की हे पैसे कोणी द्यायचे. माझ्या सहीच्या रिपोर्टप्रमाणे ते बालाजीकडे जात होते, आणि तो रिपोर्ट चुकलेला आहे हे मला त्या सकाळी दाखवून द्यायचे होते.

आधी माझे काम सांगते, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू वाया जातो. टर्बो त्या वायूच्या जोरावर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढते, दाबते आणि इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. सगळे मिळून पाच वाक्यांत संपते. पण तो दांडा मिनिटाला दीड लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. तुमच्या घरचा मिक्सर चटणी वाटताना वीस हजारांच्या आसपास असतो, आणि तेवढ्यानेही आपण शेजारच्या खोलीत बोलू शकत नाही. टर्बोच्या एका बाजूचा वायू नऊशे अंशांच्या वर असतो, दुसऱ्या बाजूला पावसाळी हवा असली तरी चालते, आणि मधला दांडा तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो.

चाकणच्या आमच्या कंपनीत असे टर्बो बनतात. माझे काम बनवण्याच्या विभागात नाही. मी एकोणीस वर्षे परतीच्या विभागात आहे. वॉरंटीत बिघडलेला टर्बो खोक्यातून परत येतो. सोबत एक कागद असतो: गाडी किती किलोमीटर चालली, तक्रार काय, डीलरचा शेरा काय. आम्ही तो टर्बो उघडतो, धुतो, कापतो, भिंगाखाली धरतो आणि तो कशाने गेला ते लिहितो. कारणे मोजकीच असतात. तेल मिळाले नाही किंवा खराब मिळाले. बाहेरची वस्तू आत गेली. उष्णता जास्त झाली. नाहीतर आमच्याच बनावटीत खोट. या चारांपैकी मी जे लिहीन त्यावर पैसे कोणाचे हे ठरते. वडील पिंपरीतल्या कंपनीत लेथवर होते. मला डिप्लोमाला घालताना म्हणाले होते, "जे मोजलं तेच लिही. ज्याचं माप घेतलं नाही त्याबद्दल तोंड उघडू नको." एवढे सांगून ते सेकंड शिफ्टला गेले होते.

या कामाबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीत मी टर्बोच्या कंपनीत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी भाजी घेत असले तरी प्रश्न येतात. "ताई, खरंय का, त्या स्पोर्टी सेदानच्या पुढच्या मॉडेलला टर्बो काढून टाकणार? पुन्हा मोठं सहा सिलिंडरचं इंजिन देणार म्हणे." दुसरा म्हणतो, "काढतायत कसले? उलट दोन टर्बो येणार, त्यातला एक विजेवर. माझ्या साडूच्या मित्राने चाचणीची गाडी एक्सप्रेसवेवर पाहिली." मग माझ्यासमोरच दोघांची जुंपते, आणि वांगी तशीच हातात राहतात.

खरे सांगायचे तर आम्हाला काही माहीत नसते. आमच्याकडे एक ड्रॉइंग येते. त्यावर गाडीचे नाव नसते, एक नंबर असतो, आणि पूर्वीच्या ड्रॉइंगपेक्षा चाकाच्या एका मापात दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक असतो. यावरून मी पुढचे मॉडेल सांगावे अशी लोकांची अपेक्षा. एकदा कंटाळून मी म्हणाले, "काका, मला फक्त मेलेल्यांचं माहीत असतं. जन्माला यायच्या गाड्यांचं दुसऱ्या कोणाला विचारा."

पण टर्बो असावा की नसावा, यावर माझे मत आहे आणि ते मी लपवत नाही. टर्बो नसलेले मोठे इंजिन साधे असते, आवाज भरदार, ताकद सरळ रेषेत वाढत जाते, आणि बिघडायला एक भाग कमी. लहान इंजिनाला टर्बो लावला की कमी वेगातच जोर मिळतो, वजन कमी होते, शांतपणे चालवली तर पेट्रोलही वाचते. शांतपणे कोणी चालवत नाही हा भाग वेगळा. लोकांना वाटते टर्बो नाजूक असतो. तसे नाही. माझ्या टेबलावर आलेले बहुसंख्य टर्बो स्वतःहून गेलेले नव्हते. त्यांना कोणीतरी किंवा कशाने तरी घालवलेले होते. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण त्यातला प्रत्येक माझ्या हातात आला आहे.

अफवांचे मात्र तसे नाही. त्यांना घालवता येत नाही. आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून घड्याळ लावून पाच मिनिटे बसतात, टर्बो थंड व्हावा म्हणून. पूर्वीच्या गाड्यांना घाट चढून आल्यावर मिनिटभर थांबणे ठीक होते. यांच्या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेचा पंप आहे, आणि हे येतात डांगे चौकातून, पंधराच्या वेगाने. मी समजावले. ते म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो, पण आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळे पाच मिनिटं म्हणतात." वॉचमन रोज धूर खातो.

त्या ग्रुपवरचीच दुसरी अफवा अशी, की कंपनी काहीही सांगो, टर्बो पेट्रोलला आपल्याकडच्या उन्हात दर पाच हजारांना तेल बदलायलाच हवे. आणि तिसरी अशी, की बाहेरच्या गॅरेजमध्ये तेल बदलले की टर्बो गेलाच समजा. या दोन अफवा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण एकाच ग्रुपवर सुखाने नांदतात. संपतरावांच्या निळ्या सेदानचे प्रकरण या दोघींनी मिळून उभे केले.

संपतराव साठीला टेकलेले. पुनावळ्यात त्यांचे शेत होते तिथे आता तीन टॉवर आहेत. गाड्यांचा शौक जुना. ही सेदान त्यांनी एकतीस हजार किलोमीटर चालवली होती, बरीचशी पहाटे, रिकाम्या महामार्गावर. दसऱ्याच्या सुमारास डीलरकडे मोठी सर्व्हिस झाली. पुढे चार हजार किलोमीटर झाल्यावर त्याच ग्रुपवर कोणीतरी तेलाचे लिहिले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते काळेवाडीला बालाजीकडे गेले. बालाजी लातूरकडचा, चाळिशीचा. गाळा भाड्याचा, दोन गाड्या मावतील एवढा. त्याने सांगितले की इतक्यात तेल बदलायची गरज नाही. संपतराव ऐकेनात. बालाजीने कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल आणले, बदलले, बिल दिले: नऊ हजार चारशे पन्नास.

अकराव्या दिवशी ताथवड्याजवळ गाडीतून निळा धूर निघाला आणि जोर गेला. डीलरने टर्बो काढला. शेरा लिहिला: "बाहेर तेल बदलले." वॉरंटी नाकारली, अंदाजपत्रक संपतरावांच्या हातात ठेवले आणि टर्बो माझ्याकडे पाठवला.

आता माझी चूक सांगते.

माझा नियम असा की आधी भाग बघायचा, कागद नंतर वाचायचा. त्या दिवशी वर्ष नुकतेच सुरू झाले होते, टेबलावर चौदा खोकी होती, आणि मी कागद आधी वाचला. "बाहेर तेल बदलले" हे तीन शब्द डोक्यात बसले. दांड्याच्या बेअरिंगवर ओरखडे होते. तेल काळसर होते. हवा ओढणाऱ्या चाकाची पाती कडेला तुटली होती. दांडा डगमगला की पाती कवचाला घासतात आणि तुटतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. मी लिहिले: कारण, अयोग्य वंगण, पात्यांची हानी त्याचा परिणाम. सही केली. सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. पाती नेमकी कोणत्या कडेला तुटली आहेत, हे मी मोजले नाही.

आठवड्याने गेटवरून फोन आला. "मॅडम, काळेवाडीचे कोणी बालाजी म्हणून आलेत. भेटल्याशिवाय जात नाही म्हणतात." बाहेरच्या माणसाला आत घेता येत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत गेटसमोरच्या टपरीवर गेले. बालाजीच्या एका हातात तेलाचा रिकामा डबा होता, दुसऱ्या हातात माझ्या रिपोर्टची झेरॉक्स. संपतरावांनी दिलेली.

"ही सही तुमचीच का, मॅडम?"

"माझीच."

"मग मला एवढंच सांगा, म्या काय चुकलो. म्या तेल बदललं. टर्बोला बोट बी लावलं नाय. हा डबा बघा, हे बिल बघा, नंबर जुळवून घ्या. तुम्ही म्हणाल तर गाळा विकायला तो माझा नाय. अवजारं विकली तर दीड लाख येतेल. बाकीचं कुठून आणू?"

मी डबा पाहिला. प्रत बरोबर होती. मी म्हणाले, "बालाजीभाऊ, बेअरिंग घासलं आहे. ते तेलानेच होतं."

"मॅडम, ती गाडी माझ्याकडं आली तवाच शिट्टी मारत होती की. म्या मालकांना बोललो, साहेब हा आवाज बरोबर नाय. तर ते म्हणले, तुला काय कळतंय, ही स्पोर्ट गाडी हाय, तुझी रिक्षा नाय."

टपरीवाल्याने चहा ठेवला. बालाजीने घेतला नाही. म्हणाला, रिपोर्ट येताच संपतरावांनी पन्नास हजार आगाऊ मागितले होते, नाहीतर गॅरेजसमोर गाडी आणून उभी करीन म्हणाले होते. त्याने ते दिले होते.

मी परत येऊन संपतरावांना फोन लावला आणि शिट्टीचे विचारले.

"शिट्टी? व्हय, मारती की! दिवाळीपासनं मारती. लई भारी आवाज हाय, मॅडम. आमी ग्रुपवर व्हिडिओ टाकला तर लोक म्हणले, भाऊ, आता टर्बो मोकळा झाला! ती दुसऱ्या कंपनीची गाडीवाली पोरं गप बसली. तुमाला पाठवू का?"

त्यांनी पाठवला. व्हिडिओ दिवाळीनंतर दहा दिवसांचा होता, म्हणजे बालाजीच्या तेलाच्या जवळजवळ महिनाभर आधीचा. मी कानाला लावून तीनदा ऐकला. तो मोकळ्या टर्बोचा आवाज नव्हता. भोंगा चढत जावा तसा एकसुरी आवाज वेगासोबत चढत होता. चाकाचा तोल गेला की असे होते. दिवाळीच्या आधीच चाक वाकडे झाले होते. वाकड्या चाकाने दांडा थरथरला, थरथरीने बेअरिंग घासले, आणि तेल ते घासलेले धातूचे कण घेऊन काळे झाले. मी परिणामाला कारण म्हटले होते.

तावडेंना हाक मारली. तावडे मूळचे देवगडचे, माझ्याआधी दोन वर्षे कंपनीत. आम्ही खोके पुन्हा उघडले. दांडा डगमगून पाती घासली असती तर ती बाहेरच्या कडेला झिजली असती. इथे हवा जिथून आत येते त्या तोंडाकडच्या कडेला खाचा होत्या. अकरा पात्यांपैकी सातांवर. म्हणजे बाहेरून काहीतरी आत गेले होते, आणि ते धातूचे नव्हते, कारण खाचा चेचल्यासारख्या होत्या, कापल्यासारख्या नव्हत्या. एका खाचेत तांबडा ठिपका होता.

"गॅसकेटला लावायचा तांबडा डिंक असेल," मी म्हणाले.

तावडेंनी चष्मा वर केला, भिंगात पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मॅडम, तुम्ही खंडेनवमीला कधी कंपनीत असता का?"

"नाही." आमच्या घरी दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहाराची तयारी, सकाळपासून पाहुणे. ती दोन दिवसांची रजा मी जानेवारीतच टाकून ठेवते. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

"मी असतो. पूजेला मीच बसतो दरवर्षी. अहो, हे कुंकू आहे. अक्षतांचं."

तांदळाच्या दाण्याने ॲल्युमिनियमचे चाक वाकते का, असे कोणी विचारील. चाकाच्या कडेचा वेग आवाजाच्या वेगाला मागे टाकतो. त्या वेगाला तांदूळ खड्याहून वेगळा राहत नाही.

पण तांदूळ आत गेला कसा? हवा गाळणीतून येते. गाळणीपलीकडचा पाइप उघडल्याशिवाय टर्बोचे तोंड उघडे पडत नाही, आणि तेल बदलताना त्या पाइपला हात लावावा लागत नाही. डीलरकडून सर्व्हिसचे कागद मागवले. गाडी अष्टमीला आत आली, दसऱ्याला बाहेर गेली. कामांच्या यादीत स्पार्क प्लग बदलले होते. त्यासाठी तो पाइप काढावा लागतो. म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी टर्बोचे तोंड उघडे होते.

मी साहेबांकडे गेले आणि रिपोर्ट मागे घ्यायचा आहे म्हणाले. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, एक मागे घेतला की उद्या गेटवर रांग लागेल. आणि तुम्ही काय लिहिणार? कुंकवाचा ठिपका? डीलर हसेल आपल्याला."

"म्हणून संयुक्त तपासणी मागतेय. टर्बोतून निघालेली हवा पुढे थंड करायच्या जाळीत जाते. ती जाळी अजून गाडीवरच आहे. तांदूळ गेला असेल तर तिथे तुकडे असतील. नसतील तर मी माझा रिपोर्ट कायम ठेवते."

"आणि असतील तर?"

"तर तो माणूस अवजारं विकायला लागलाय, साहेब."

त्यांनी परवानगी दिली. हाच तो जानेवारीतला शुक्रवार.

माने सुरुवातीला आमच्याशी अगदी गोड होते. चहा मागवला. "मॅडम, तुमचाच रिपोर्ट आहे ना? मग आता कशाला धावपळ?" संपतराव कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते आणि बालाजीकडे बघत नव्हते. बालाजी दाराशी उभा.

मी सांगितले की जाळी सगळ्यांसमोर काढायची आणि पांढऱ्या कागदावर उलटी करायची. सलीमभाईंनी काढली. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, हात सावकाश पण एकही स्क्रू खाली पडला नाही. तावडेंनी जमिनीवर ड्रॉइंगचा मोठा कोरा कागद पसरला. जाळी तिरकी केली. आधी तेल आले. मग काही नाही. सलीमभाईंनी तळहाताने दोनदा थोपटले, आणि टप टप करून काही कण पडले.

मी चिमट्याने वेगळे केले. दोन अर्धे तांदूळ, एक तीन चतुर्थांश, बाकी कणी. तेलाने पिवळे झालेले, पण एकाच्या टोकाला तांबडे स्पष्ट होते.

संपतराव खुर्चीतून उठले. "हे काय हाय?"

"तांदूळ," तावडे म्हणाले. "अक्षता."

"आयला! माझ्याच गाडीची पूजा आन मलाच परसाद?"

मानेंनी कागदाकडे पाहिले आणि पटकन बोलले, "मॅडम, संपतराव दसऱ्याला घरीपण पूजा करतात. तिथे पडले असतील."

"घरी बॉनेटवर हार घातला," संपतराव म्हणाले. "पाइप खोलाया मला येतोय व्हय? मला अजून वायफरचं पाणी कुठं भरत्यात ते ठावं न्हाई!"

"मग बालाजीच्या गॅरेजमध्ये—"

"खंडेनवमीला गाडी तुमच्या सर्व्हिस बेमध्ये होती," मी म्हणाले. "तुमच्याच कागदावर आहे. पाइप काढलेला होता."

माने म्हणाले, "आमच्याकडे पाइप काढला की तोंडाला कापड लावतात. ती पद्धत आहे. सलीमभाई, तुम्ही कापड लावलं होतं की नव्हतं?"

हा प्रश्न मला आवडला नाही. त्या एका प्रश्नाने तीन लाख शहाऐंशी हजार बालाजीकडून निघून सलीमभाईंकडे चालले होते. सलीमभाईंनी हात पुसले. खूप वेळ पुसले.

"लावलं होतं, साहेब. मीच लावलं होतं, अष्टमीच्या संध्याकाळी."

"मग?"

"मग खंडेनवमीला गुरुजी यायच्या आधी काढलं. तेलकट फडकं गाडीच्या तोंडात, पूजेला बरं दिसत नाही म्हणून."

"कोणी सांगितलं काढायला?"

सलीमभाई खाली वाकले आणि काढलेले स्क्रू डबीत भरू लागले. तेवढ्या वेळात मानेंचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना आठवत होते. आम्हा सगळ्यांना ते दिसले.

"मीच सांगितलं," माने म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मीच सांगितलं होतं. सगळ्या गाड्यांची फडकी काढा, फुलं ठेवा, फोटो काढायचाय."

एकोणीस वर्षांत मी अनेक सर्व्हिस मॅनेजर पाहिले आहेत. माने गप्प बसले असते तर सलीमभाईंनी तोंड उघडले नसते, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. मी त्यांना म्हणाले की रिपोर्टमध्ये कोणाचे नाव येणार नाही. "सर्व्हिसदरम्यान उघड्या तोंडातून बाहेरची वस्तू आत" एवढेच लिहीन. नाव माझ्या रकान्यात बसत नाही.

बालाजी दारातच होता. संपतराव त्याच्याजवळ गेले. माफी मागायची सवय नसलेला माणूस जसा बोलतो तसे बोलले. "तू शिट्टीचं बोलला व्हतास."

"व्हय, बोललो होतो."

"मग जोरात सांगायचं ना, मर्दा!"

"जोरात सांगितलं असतं तर तुम्ही गाडी दुसरीकडं नेली असती, साहेब. आमचं असंच असतंय."

यावर संपतराव पहिल्यांदा हसले. ग्रुपवर मात्र त्यांनी काही लिहिले नाही असे मला नंतर कळले. तिथे अजून तो शिट्टीचा व्हिडिओ आहे, आणि खाली लोक वाद घालत आहेत की इतका गोड आवाज फक्त टर्बोला येतो, मोठ्या इंजिनाला येणार नाही. बाहेरच्या तेलाने टर्बो जातो ही अफवाही तशीच आहे. उलट तिला आता पुनावळ्याचा दाखला मिळाला आहे. मी तावडेंना म्हटले, आपण काहीतरी लिहून पाठवावे का. ते म्हणाले, "पाठवा. लोक विचारतील, कोण म्हणालं? टर्बोच्या कंपनीतली बाई म्हणाली, म्हणजे कंपनीनेच पैसे दिले असणार." मी पाठवले नाही. इथे लिहिते आहे.

आमच्या कंपनीत मात्र बदल झाला. पूजेआधी रॅकवरच्या प्रत्येक टर्बोच्या तोंडाला झाकण आहे की नाही हे तावडे स्वतः मोजतात, मगच गुरुजींना आत घेतात. पूजा कमी झाली नाही. मीही कागद पुन्हा कधी आधी वाचलेला नाही. तावडे तो घडी घालून खोक्याखाली ठेवतात. तरीही जुने रिपोर्ट आठवतात. पात्यांची हानी हा परिणाम, असे मी किती वेळा लिहिले असेन, आणि त्यातले किती खंडेनवमीनंतरच्या महिन्यांतले असतील? ते टर्बो भंगारात गेले. आता मोजता येणार नाहीत, म्हणून त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

हिशेब असा मिटला. नवा टर्बो दोन लाख एकसष्ट हजार, नळ्या आणि गॅसकेट अडतीस हजार चारशे, जाळी धुणे बारा हजार, मजुरी पंच्याहत्तर हजार: हे सगळे डीलरने सोसले. संपतरावांनी बालाजीचे पन्नास हजार परत केले आणि तेलाचे अडवून ठेवलेले नऊ हजार चारशे पन्नासही दिले.

राहिले तीन हजार. ते पन्नास हजार उभे करायला बालाजीने भिशी वेळेआधी बोली लावून उचलली होती, आणि त्यात त्याचे तीन हजार बुडाले होते. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. मी विचारल्यावर सांगितले. हे ना डीलरच्या रकान्यात बसत होते, ना संपतरावांच्या. माझा रिपोर्ट बरोबर असता तर ते बुडालेच नसते. पुढच्या रविवारी मी काळेवाडीला गेले आणि तीन हजार बालाजीच्या हातात ठेवले. आधी तो नको म्हणाला. कशाचे ते मी सांगितले. मग त्याने ते मोजून घेतले.